हजेरीपटाबाहेरची मुले

शाळांच्या वार्षिक अहवालांत गेल्या वर्षापासून एक वाक्य ठरून गेले आहे : 'कोरोनाचे निर्बंध उठल्यानंतर शाळेचे कामकाज पूर्ववत सुरू झाले.' या स्मरणिकेतही ते कोठे ना कोठे येईलच. ते खोटे नाही. ३१ मार्च २०२२ रोजी राज्य शासनाने निर्बंध मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला, पाडव्यापासून मुखपट्टी ऐच्छिक झाली आणि त्या वर्षी जूनमध्ये जी घंटा वाजली ती पुन्हा थांबली नाही. पहाटेची वंदना, परिपाठ, मैदानावरची धूळ, भोजनगृहातील भांड्यांचा आवाज, रात्रीच्या अभ्यासिकेत पुस्तकावर डोके ठेवून पेंगणारी मुले, सारे आपापल्या जागी आले. पाहुणे येतात, फिरून पाहतात आणि समाधानाने म्हणतात, "चला, गाडी रुळावर आली."

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आणि पेशाने शिक्षक. 'पूर्ववत' असा शब्द दिसला की तो कोणी लिहिला आणि कोणाकडे पाहून लिहिला, हे तपासण्याची आम्हांस सवय लागली आहे. शाळा पूर्ववत झाली, हे आपण वर्गात बसलेल्या मुलांकडे पाहून म्हणतो. हजेरीपट हा मुळात उपस्थितांचा दस्तऐवज आहे. जो येत नाही त्याच्या नावापुढे तो काही दिवस खूण करतो, आणि पुढचे वर्ष लागले की नावच गळून जाते. नव्या पानावर सगळी नावे उपस्थितांचीच असतात, आणि वर्ग भरलेला दिसतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, या पानावर जी नावे आली नाहीत त्यांचा हिशोब दिल्याखेरीज 'पूर्ववत' हा शब्द वापरण्याचा अधिकार निदान आपल्यासारख्या शाळेला तरी नाही. आणि तो हिशोब अजून देता येण्याजोगा आहे. कारण ही मुले आज पंधरा-सोळा-सतरा वर्षांची आहेत, आणि त्यांतली बरीचशी आपल्यापासून एका बसच्या अंतरावर राहतात.

प्रथम त्या दोन वर्षांचा पट थोडक्यात मांडू, कारण तो आता विसरला जाऊ लागला आहे. पुण्यात पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी आढळले. दुसऱ्या दिवशी सावित्रीमाईंचा स्मृतिदिन होता. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांना त्याच रोगाने गाठले व १० मार्चला त्या गेल्या, हे आपण दर वर्षी मुलांना सांगतो. त्या वर्षीही सांगितले. साथ म्हणजे काय, हे मुलांना तेव्हा पुस्तकातले वाटत होते. त्याच आठवड्यात पुणे व पिंपरी-चिंचवडमधील शाळा बंद करण्याचे आदेश निघाले आणि वसतिगृह रिकामे करावे लागले. ट्रंका, वळकट्या, बादल्या घेऊन मुले गेली. पंधरा दिवसांत परत यायचे म्हणून अनेकांनी पुस्तके कपाटातच ठेवली होती. दहावीची परीक्षा चालू होती; २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला व मग रद्दच झाला. भूगोल न लिहिता दहावी झालेली ती तुकडी आता अधूनमधून शाळेत येते, तेव्हा त्यावर हसते.

त्यानंतर उघडझाप सुरू झाली. २३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यात नववी ते बारावीच्या वर्गांना परवानगी मिळाली. आपल्या शहरात त्यासाठी जानेवारी उजाडला. महिना-दीड महिना गेला नाही तोच दुसरी लाट आली आणि दारे पुन्हा मिटली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांत आठवीपासून वर्ग सुरू झाले, जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनने ते परत बंद पाडले. निवासी शाळेचे दुखणे आणखी वेगळे. दिवसाची शाळा उघडली तरी वसतिगृहाला कुलूप असे. आणि आमची मुले तर वसतिगृहातूनच वर्गात येतात. ज्यांच्या घरी शाळेजवळ राहण्याची सोय नाही त्यांच्यासाठीच ही शाळा काढलेली आहे. मार्च २०२० मध्ये जे सातवीत होते त्यांची आठवी फोनवर गेली, नववीचा बराच भाग तसाच गेला, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी पूर्ण अभ्यासक्रमावर दहावी दिली. या तुकडीविषयी पुढे बोलू.

फोनवर गेली असे म्हटले, पण तेही सर्वांची गेली नाही. दीक्षा अॅप होते, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला होती, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागत असे. हे प्रयत्न मनापासूनचे होते. आम्हीही रात्री अकरा वाजेपर्यंत गटांवर वह्यांचे फोटो तपासत होतो. परंतु चाकणच्या पत्र्याच्या खोलीत फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर पहिल्या पाळीला कंपनीत जातो. दुपारी चारला घरी येतो तेव्हा त्याची चार्जिंग संपलेली असते व रिचार्जही. रात्रपाळी असली तर वडील दिवसा झोपतात आणि एका खोलीच्या घरात तास ऐकू येईल एवढा आवाज ठेवता येत नाही. ऑनलाइन शिक्षणावरच्या परिसंवादांत आम्ही बसलो आहोत. तेथे इंटरनेटच्या वेगावर चर्चा झाली, पाळीवर झाली नाही.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. 'सोशल डिस्टन्सिंग'चे मराठी भाषांतर प्रथम 'सामाजिक अंतर' असे झाले आणि फलकांवर, सूचनांत, भाषणांत तेच रुळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणणे अधिक योग्य असे सुचविले होते. पण भाषांतर करणाऱ्यांच्या कानाला पहिला शब्द खटकला नसावा. आमच्या कानाला खटकला. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःचे गोणपाट टाकून बसत आणि ते रोज घरी घेऊन जात. पाणी हवे तर शिपायाने नळ सोडायचा, शिपाई नसेल तर तहान सोसायची. ज्या समाजाच्या आठवणीत हे आहे, त्याच्या शाळेत आम्हांस ऑक्टोबर २०२१ मध्ये मुलांना सांगावे लागले : "दुसऱ्याच्या बाटलीला हात लावू नका. आपापल्या वर्तुळात बसा." आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होते आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगू. तरीही भोजनगृहात खडूने वर्तुळे काढताना आमच्या एका सहकारी बाईंचा हात थांबला होता, हे आम्ही पाहिले आहे. आपल्या शाळेची पंगत ही केवळ जेवण उरकण्याची सोय नव्हे. सगळ्यांनी एका ओळीत बसायचे, मोठ्यांनी लहानांना वाढायचे, शिक्षकांनी त्याच ओळीत बसायचे, हा संस्थेच्या पहिल्या दिवसापासूनचा नेम आहे.

जून २०२२ मध्ये पंगत पुन्हा बसली, तेव्हा पाचवी-सहावीची मुले कोणी न सांगता हातभर अंतर सोडून बसली. त्यांना शाळा म्हणजे तशीच ठाऊक होती. मोठ्या मुलांनी त्यांना ओढून जवळ घेतले. दिवाळीपर्यंत अंतर गेले, आणि दिवाळीनंतर एकमेकांच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी पळविल्याच्या तक्रारी पूर्वीसारख्या येऊ लागल्या. इतक्या आनंदाने आम्ही तक्रारी कधी ऐकल्या नव्हत्या.

ते अंतर मुलांनीच बुजविले. दुसरे आहे ते मुलांच्या हातचे नाही.

आता निकालांकडे पाहू. राज्याचा दहावीचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्के होता. २०२० मध्ये तो ९५.३० झाला, २०२१ मध्ये ९९.९५, २०२२ मध्ये ९६.९४ आणि २०२३ मध्ये ९३.८३. केवळ आकड्यांची ही ओळ कोणा भविष्यातील संशोधकाच्या हाती लागली, तर महाराष्ट्रातील शालेय शिक्षणाचे सुवर्णयुग साथीच्या काळात आले असा निष्कर्ष तो काढील. आपल्याला आतले ठाऊक आहे. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल, दहावीचे अंतर्गत मूल्यमापन आणि तोंडी-प्रात्यक्षिक यांवरून गुण बेतले गेले. २०२२ मध्ये पाऊण अभ्यासक्रम, जास्तीचा वेळ आणि आपल्याच शाळेत परीक्षा. या सवलतींची आम्ही थट्टा करीत नाही. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता आणि त्या मुलांनी त्या वर्षांत घरातली माणसे गमावली होती. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवरच्या जम्बो रुग्णालयाबाहेर वडिलांचा डबा घेऊन उभी राहिलेली मुलगी आमच्या वर्गात होती. मात्र सवलत ही सवलत म्हणून लक्षात ठेवावी लागते. २०२२ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा परिच्छेद वाचू शकणारी मुले ४२.८ टक्के निघाली. २०१८ मध्ये ती ५०.५ टक्के होती. ही मुले कागदावर कोठेही मागे राहिलेली नाहीत.

कागद या काळात फार उदार झाला होता. २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. प्रगतिपुस्तकावर 'वर्गोन्नत' असा शिक्का बसला. तो जो फोनवर का होईना शिकत होता त्याच्या पुस्तकावर बसला, आणि जो कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते त्याच्याही पुस्तकावर बसला.

असाच एक विद्यार्थी. मार्च २०२० मध्ये तो सातवीत होता. गणितात बरा, अक्षर वाईट, कबड्डीत पुढे. कुटुंब मराठवाड्यातले, वडील खराबवाडीला राहून एका ठेकेदाराकडे हेल्पर. टाळेबंदी लागली आणि ठेकेदाराने फोन उचलणे सोडले. मे महिन्यात कुटुंब मिळेल त्या वाहनाने व उरलेले पायी गावी गेले. त्यानंतर त्यांचा क्रमांक बंद. २०२१ च्या पावसाळ्यात वडील कामावर परतले, मुलगाही त्यांच्याबरोबर परतला. शाळेत मात्र आला नाही. आधी महामार्गावरच्या ढाब्यावर, मग भंगाराच्या दुकानात, नंतर टेम्पोवर माल चढविण्या-उतरविण्यास. गेल्या वर्षी नाणेकरवाडीच्या चौकात तो आम्हांस दिसला. त्यानेच पुढे होऊन "जयभीम, सर" म्हटले. खांदे रुंद झाले होते, तळहातांना घट्टे होते. थोडे इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "सर, पोरं सांगतात सगळेच पास झाले. मी कितवीपर्यंत पास आहे?" आम्ही सांगितले, सातवीतून आठवीत आणि आठवीतून नववीत गेल्याची नोंद आहे. त्याने बोटांवर मोजले आणि म्हणाला, "म्हणजे दोनच वर्षं राहिली."

त्या वाक्याची थट्टा करू नये. शाळा अजून आपल्या हाताशी आहे, असे त्याला वाटते. आपल्याला तसे वाटते का, हा प्रश्न आहे.

अशी मुले किती, हे आम्ही शोधू लागलो तेव्हा कार्यालयातील एका कपाटाने मदत केली. जो विद्यार्थी दुसऱ्या शाळेत जातो तो शाळा सोडल्याचा दाखला नेतो. त्याशिवाय नव्या शाळेचे काम पूर्ण होत नाही. ज्यांचे येणे थांबले आणि ज्यांनी दाखलाही नेला नाही, ते बहुधा कोणत्याच शाळेत नाहीत. मार्च २०२० मधल्या पाचवी ते नववीच्या याद्या काढून आम्ही जनरल रजिस्टरशी ताडून पाहिल्या. दोन्ही हातांची बोटे संपली तरी यादी संपली नाही. शासनाने जुलै २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' ही मोहीम घेतली, शिक्षक दारोदार गेले, आम्हीही गेलो. पण दिवसा दार ठोठावले तर कामावर गेलेला मुलगा घरी कसा भेटणार? आई म्हणे, "आहे की, गावाकडं शाळेत आहे." ती खोटे बोलत होती असे आम्ही म्हणणार नाही. गावाकडच्या एखाद्या पटावर त्याचे नाव असेलही.

मुलींचे प्रकरण याहून अवघड. लग्नाला पन्नासच माणसे चालतील असा नियम आला, तेव्हा खर्च वाचतो म्हणून कित्येक घरांनी लग्ने उरकून घेतली. यादीतल्या दोघींविषयी कळले तेव्हा एकीच्या कडेवर मूल होते. तिच्या सासरी आम्ही गेलो नाही. आमच्या जाण्याने तिला त्रास होईल असे तिच्या आईनेच सांगितले. बाईंनी फोनवर बोलणे चालू ठेवले आहे, एवढेच येथे लिहितो.

कोणी म्हणेल, गरिबीमुळे मुले शाळा सोडतात हे जुनेच रडगाणे, त्यात साथीचा काय संबंध? जुने आहे हे खरे. क्रांतिबा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच मांडले आहे : गरीब वर्गांतली थोडी मुले शाळेत येतात, पण तेथे टिकून राहावे असे त्यांच्यासाठी काहीच नसल्यामुळे हाताला एखादे हलकेसलके काम लागताच ती शाळा सोडतात, खेड्यांत तर गुरे राखायला व शेत सांभाळायला मुले लागतात. म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या मागितल्या, बक्षिसे मागितली. पुढे बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, त्यामागेही हीच दृष्टी होती. सभेची स्थापना जुलै १९२४ ची. म्हणजे बाबासाहेबांच्या पहिल्या संघटनेने वर्षाच्या आत जे काम हाती घेतले ते मुलांच्या राहण्या-जेवण्याचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी हेच ओळखले होते. मूल शिकत नाही ते बुद्धी नसते म्हणून नव्हे. घरात त्याच्या हातांची गरज असते म्हणून. त्या हातांच्या आणि कामाच्या मध्ये वसतिगृहाची भिंत उभी केली. मार्च २०२० मध्ये ती भिंत दोन वर्षांसाठी बाजूला झाली आणि पलीकडे काम वाट पाहतच होते. साथीचा संबंध आहे तो असा.

आता आपल्या परिसराविषयी, थोडे स्पष्ट. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. धम्म आणि कारखाना या पट्ट्यात एकाच वर्षी आले, हा योगायोग आम्हांस नेहमी अर्थपूर्ण वाटतो. पुढे औद्योगिक वसाहत झाली, आकुर्डी-चिंचवड-भोसरीचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि आपल्या पहिल्या पिढीतील अनेकांना 'पर्मनंट' हा शब्द लाभला. पगार, फंड, कामगार विमा रुग्णालय, कॅन्टीन, बोनस. त्या एका शब्दावर घरे बांधली गेली, मुले शिकली, विहारे उभी राहिली. या शाळेला देणग्या आल्या त्याही प्रामुख्याने त्याच पगारांतून. आज या स्मरणिकेचे वाचक असलेले आपण बहुतेक जण त्या शब्दाची मुले आहोत.

आज शाळेत येणारी मुले त्या शब्दाची नाहीत. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी येथे कारखाने पूर्वीपेक्षा मोठे आणि देखणे झाले, पण आतल्या असंख्य कामगारांच्या ओळखपत्रावर ठेकेदाराचे नाव असते आणि काही महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. टाळेबंदीत पर्मनंट घराचा पगार थोडाफार कापला गेला. कंत्राटी घर एका आठवड्यात गावाच्या वाटेला लागले. एकाच वस्तीत, एकाच विहारात वंदनेला बसणाऱ्या दोन घरांत हा फरक होता. तो आपल्यात बोलला जात नाही. आपण सारे एकच, असे म्हणणे सोयीचे असते.

यादीचा विषय आम्ही बैठकीत मांडला तेव्हा जे आक्षेप आले त्यांत या फरकाचा सूर होता. "जे गेले ते गेले, प्रवेशासाठी बाहेर रांग आहे." "सोळा वर्षांचा, कमावता मुलगा आठवीच्या मुलांत बसवायचा? तंबाखू, फोन, पैसे, सगळे घेऊन येईल." पहिल्या आक्षेपाला आम्ही फार मोल देत नाही. रांग उद्याही असेल. पण रांगेतली मुले आणि गेलेली मुले यांत निवड करावी लागेल असे कोणी म्हटलेले नाही. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. आम्ही वसतिगृहाचे अधीक्षकपदही काही वर्षे सांभाळले आहे. हातात पैसा खेळलेल्या मुलाला रात्री नऊला दिवा मालविण्याच्या शिस्तीत आणणे काय असते, ते ठाऊक आहे. शिवाय तो स्वतःही येणार नाही. घरातल्या भाड्यात त्याचा वाटा असतो. त्याला आठवीच्या बाकावर बसविणे हा त्याचा अपमानच ठरेल. वर्गातल्या मागे पडलेल्या मुलांचे वाचन-गणिताचे वेगळे गट केले, तेव्हाही काही पालक चिडून आले होते : "आमच्या पोराला वेगळं का बसवता?" वेगळे बसविण्याचा इतिहास ज्यांच्या घरात आहे त्यांनी हे विचारलेच पाहिजे. आम्ही त्यांना गटाची वेळ दाखविली, रोज एक तास, बाकी वेळ आपल्याच वर्गात. आणि गटांना 'कच्चे', 'पक्के' अशी नावे न देता नद्यांची नावे दिली. इंद्रायणी गटात कोण आणि पवना गटात कोण, याचा अर्थ मुलांना दोन दिवसांत कळला, हे सांगायला नको. पण तासाची शिस्त पाळली गेली व दर महिन्याला गट बदलत राहिले, त्यामुळे राग निवळला. मार्च २०२३ च्या तुकडीला या तासाचा उपयोग झाला असे तिला शिकविणाऱ्या सर्वांचे मत आहे. पंचेचाळीस दिवसांच्या सेतू अभ्यासक्रमाने दोन वर्षांची दरी ओलांडता येईल, असे ज्यांना वाटले त्यांनी ती मुले जवळून पाहिली नसावीत.

तेव्हा जे कामावर आहेत त्यांच्यासाठी बाक नको, दुसरी व्यवस्था हवी. सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. आपल्या मागच्या पिढीतील काही कर्तबगार माणसे त्याच वाटेने पुढे आली. फॉर्म भरणे सोपे, अभ्यास कठीण. त्यासाठी शिक्षक, जागा आणि वेळ लागते. जागा आहे. शिक्षकांपैकी आम्ही चौघे तयार आहोत. वेळेचे कोडे या पट्ट्यानेच सोडविले : भोसरी परिसरातील लहान कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि आपली शाळा गुरुवारी उघडी असते. जानेवारीपासून गुरुवारी सायंकाळी ग्रंथालयात हा वर्ग भरतो. सध्या सहा मुले येतात, कधी चार. एक जण पाळी बदलली की पंधरा दिवस गायब होतो व परत येतो. नाणेकरवाडीत भेटलेला मुलगा दोनदा आला; आता टेम्पो रांजणगावला जातो म्हणून येत नाही, पण भूगोलाचे पुस्तक त्याने नेले आहे.

या ठिकाणी माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे आहे, आणि ते देणगीचे नाही. तुमच्यापैकी कोणी सुपरवायझर आहात, कोणी एचआरमध्ये, कोणी स्वतः लहान ठेकेदार, कोणाची गॅरेजे व वर्कशॉपे आहेत. गेटवर, लोडिंगला, कॅन्टीनमध्ये मिसरूडही न फुटलेला मुलगा अठरा वर्षांच्या आधारकार्डाने उभा असतो, हे आमच्यापेक्षा तुम्हांस अधिक दिसते. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे हा गुन्हा आहे आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामावर ठेवणेही. हा कायदा पाळण्याची पहिली अपेक्षा आपल्या माणसांकडून आहे, हे येथे लिहिण्याची वेळ यायला नको होती. त्याला हाकलून देऊ नका; हाकललेला मुलगा याहून वाईट जागी जातो. त्याची शाळा कोणती होती ते विचारा. गुरुवारी दोन तास लवकर सोडता येईल अशी पाळी द्या. आपल्या शाळेचा नसला तरी पाठवा. यादीबाहेरचे दोघे आताच येत आहेत.

मार्च २०२० च्या यादीतील नावे आम्ही येथे छापणार नाही. मुलांना ते आवडणार नाही. यादी कार्यालयात आहे, कपाटातले न नेलेले दाखले तिच्याबरोबर एका पाकिटात ठेवले आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपल्या भागातील नावे पाहायची असतील त्यांनी शनिवारी दुपारनंतर यावे. गुरुवारचा वर्ग सायंकाळी साडेसहाला सुरू होतो व नऊला संपतो, आणि दुसऱ्या पाळीतून अधूनच निघालेल्यांसाठी भोजनगृहात जेवण झाकून ठेवलेले असते.